लेफ्टनंटच्या खिडकीतली दोरी

मी एक जुना पूल आहे. गवताचा. सल्कामायू नदीच्या खोल घळीवर, अलीकडच्या कोल्पा गावापासून पलीकडच्या आंतावारापर्यंत मी झोळीसारखा टांगलेला असतो. मित्रांनो, माझे वय मला नीट सांगता यायचे नाही. आज जे हात मला वळतात, त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनीही मलाच वळले होते, आणि तरीही माझ्या अंगात एका वर्षाहून जुनी एक काडी सापडणार नाही.

दरवर्षी पाऊस सरला, कोरडे ऊन पडू लागले की दोन्ही गावांतली माणसे डोंगरमाथ्यावरचे इचू गवत कापून आणतात. ते दगडावर चेचतात, भिजवतात, आणि प्रत्येक घर आपापल्या वाटणीची दोरी वळते. घर भरलेले असो की एकट्या विधवेचे असो, त्या घरची दोरी हवीच. बारीक दोऱ्यांचे दोर होतात, दोरांचे मांडीएवढे जाड दोरखंड होतात. मग पूलकरी, म्हणजे ज्याच्या घराण्याकडे माझी देखभाल आहे तो, धरणीमातेपुढे कोकाची पाने ठेवतो, मक्याच्या दारूचे, चिचाचे, चार थेंब मातीवर सांडतो, आणि मग जुन्या मला तोडून नदीत सोडतात. मी खाली वाहून जातो आणि वर मीच असतो. याचे मला कधी दुःख झाले नाही. नेमाने रोज अंघोळ करणाऱ्याला कालचे पाणी वाहून गेल्याचे दुःख होते का?

वीण दोन्ही काठांवरून एकदम सुरू होते आणि मधोमध भेटते. ते दिवस माझ्या फार आवडीचे. कोल्पाची माणसे पलीकडे ओरडून विचारतात, की तुम्ही दोर वळता आहात की बायकोची वेणी घालता आहात. आंतावाराची माणसे म्हणतात, आमची वीण निदान सासुरवाडीला जाईपर्यंत टिकते, तुमची तर चिचा उतरेपर्यंत टिकत नाही. असे चिडवत चिडवत दोन्ही बाजू जवळ येतात आणि शेवटची गाठ दोघे मिळून मारतात. मला वाटते, मी गवतापेक्षा त्या चिडवण्यानेच जास्त बांधलेला आहे.

पण आज मी माझ्यापेक्षा दुसऱ्याच एकाची गोष्ट सांगणार आहे. ज्याने माझ्यासाठी दगड रचले, आणि ज्याने पुढे मला तोडायची वेळ आणली, आणि ज्याचे उपकार मी अजून रोज आठवतो, त्या एव्हारिस्तो लांदाउरो नावाच्या माणसाची.

तो पहिल्यांदा आला तेव्हा लेफ्टनंट होता. राजधानी लिमाहून सरकारने त्याला धाडले होते, या घळीवर लोखंडी साखळ्यांचा पूल बांधायला. अंगावर नवा कोट, खेचरावर पितळी उपकरणांची पेटी. तो कोल्पाच्या काठावर आला, त्याने माझ्याकडे बघितले, आणि टोपी काढून घाम पुसला. मला माणसाचे वजन कळते, हुद्दा कळत नाही. पण भीती कळते. पहिले पाऊल टाकताना त्याने माझा काठाचा दोर दोन्ही हातांनी आवळून धरला. चार पावलांवर तो खाली बसला आणि ओणवा होऊन सरकू लागला.

त्याच वेळी पलीकडून मेल्चोरा येत होती. कासिमिरो पूलकऱ्याची ही मुलगी, लग्न होऊन नुकतीच कोल्पाला गेलेली, माहेरहून बटाट्यांचे गाठोडे पाठीवर घेऊन निघाली होती. एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच माझी रुंदी. दोघे मध्ये समोरासमोर आले. एवढा मोठा अंमलदार रांगताना बघून तिला हसू आवरेना, पण तिने पदर तोंडाशी धरावा तशी शालीची कड तोंडाशी धरली.

"लेफ्टनंटसाहेब," ती म्हणाली, "पूल खाली बघण्यासाठी नसतो. पलीकडे जाण्यासाठी असतो. माझ्या कपाळाकडे बघा आणि उठा."

मग ती पाठमोरी न होता, तोंड त्याच्याकडे ठेवून, एकेक पाऊल मागे मागे सरकत त्याला आंतावाराला घेऊन गेली. गाठोड्यासकट. त्या दिवसापासून तिला पाहिले की तो आधी टोपी काढी, मग बोले.

साखळ्या काही आल्या नाहीत. त्या बंदरावरून निघाल्या खऱ्या, पण वाटेत कुठल्याशा बंडवाल्यांनी खेचरे पळवली आणि साखळ्यांचे तुकडे करून तोफगाडे ओढायला घेतले. आमच्या देशात त्या काळी बंडे आणि गारा एकाच ऋतूत येत. दुसरा कोणी असता तर कागद गुंडाळून परत गेला असता. लांदाउरो साहेब थांबले. त्यांनी कासिमिरोला विचारले, की साखळ्या नाहीत तर नाहीत, तुझ्या पुलाला माझ्याकडून काय देऊ? कासिमिरोने सांगितले की दोर भक्कम आहेत, पण ते ज्या मातीच्या ढिगांना बांधतो ते ढीग दर पावसात खचतात.

म्हणून साहेबांनी दोन्ही काठांवर दगडी चौथरे बांधले. असे चौथरे आमच्याकडे कोणाला जमले नसते. त्यांनी खडक फोडून खोल पाया घेतला, दगडात दगड असा बसवला की सुरीचे पाते जायचे नाही. आमच्या माणसांनी दगड वाहिले, साहेबांनी ओळंबा धरला. जेवायला दोघांच्या पुढ्यात तेच उकडलेले बटाटे असत. आणि एक गंमत. प्रत्येक चौथऱ्याच्या खालच्या अंगाला, घळीच्या बाजूला, साहेबांनी एक आरपार भोक ठेवले. साखळ्या आल्याच तर ओवायला.

ते भोक तसेच रिकामे राहिले. गावाने त्याला नाव ठेवले "लेफ्टनंटची खिडकी". चिमण्यांनी तिथे घरटे केले. कोणाचे काम अर्धवट राहिले की लोक म्हणत, "काय रे, तूही खिडकी ठेवलीस का?" साहेबांच्या कानावर हे आले तेव्हा ते स्वतःच सगळ्यात जास्त हसले. मला मात्र त्या चौथऱ्यांचा मोठा आधार झाला. त्याआधी पावसाळ्यात मी डगमगायचो. त्यानंतर मी फक्त झुलू लागलो.

पुढची कितीतरी वर्षे साहेबांची माझी भेट अधूनमधून होत राहिली. कॅप्टन होऊन ते पलटण घेऊन आले तेव्हा त्यांनी सगळ्यांना काठावर थांबवून बजावले, की पायाला पाय जुळवून चालू नका, कवायत विसरा, बाजारात चालता तसे चला. शिपाई वेडेवाकडे चालू लागले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. एका तालात पडणारी पावले मला फार हलवतात. ते कर्नल होऊन आले तेव्हा केस पांढरे झाले होते. दर वेळी ते उतरून चौथऱ्यावर हात ठेवत, टोपी काढत, आणि मग माझ्यावर पाऊल ठेवत. आणि दर वेळी आंतावाराच्या बाजूला कासिमिरोबाबा त्यांना "या लेफ्टनंट" म्हणत. लोकांनी किती समजावले, की बाबा, साहेब आता कर्नल झाले. बाबा म्हणत, असतील, पण माझ्याकडे ते लेफ्टनंट म्हणून आले होते.

कर्नलसाहेब एकदा मेल्चोरापाशी बोलले. ती तेव्हा विधवा झाली होती आणि कोल्पाला अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करत होती. काठावरच्या लाकडी क्रुसापाशी ती रोज सकाळी मेणबत्ती लावी. वारा असो, पाऊस असो, तिचा नेम चुकला नाही. तिथे उभे राहून साहेबांनी तिला सांगितले, की त्यांची प्रत्येक बढती एकेका पुलावर झाली आहे. बंडवाल्यांची वाट अडवायला लाकडी पूल जाळला, तेव्हा कॅप्टन केले. एक दगडी कमान दारूने उडवली, तेव्हा कर्नल. आणि ती कमान त्यांनी स्वतःच बांधलेली होती. तिच्या शेवटच्या दगडावर बायकोचे नाव कोरले होते.

मेल्चोरा मेणबत्तीच्या ज्योतीला हाताचा आडोसा करून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, की साहेब, तुमच्या नावाने उद्यापासून एक जास्तीची लावते. आणि तिने ती लावली, पुढे कितीतरी वर्षे.

मग ते मोठे युद्ध आले. दक्षिणेकडची परकी फौज जहाजांनी उतरली आणि लिमा पडली. मोठे सेनापती काही मेले, काही पकडले गेले, काहींनी शस्त्रे ठेवली. डोंगरात जी काही फौज उरली तिला वाटा ठाऊक असलेला माणूस हवा होता. कुठून घुसायचे, कुठे कडा ढासळवायचा, कोणता ओढा कधी ओलांडता येतो, हे साहेबांना पाठ होते. आगगाडीचा लोखंडी पूल पाडून त्यांनी शत्रूला बरेच दिवस रोखले, आणि त्याबद्दल त्यांना जनरल केले.

ते जनरल होऊन माझ्याकडे आले तो पावसाळ्याचा शेवट होता. नदी तुडुंब भरून गढूळ वाहत होती. मित्रांनो, जनरलसाहेब कॅप्टन होते तेव्हापेक्षा हलके झाले होते. उपाशी माणूस पुलाला लगेच कळतो. त्यांच्यामागे थकलेली फौज होती, पाठुंगळीवर घेतलेले जखमी होते, आणि फौजेबरोबर भांडीकुंडी घेऊन चालणाऱ्या बायका होत्या. वरच्या खिंडीत शत्रूच्या शेकोट्यांचा धूर दिसत होता. संध्याकाळच्या आत ते काठावर येणार हे नक्की होते.

जनरलसाहेबांनी मला एका नजरेत तोलले. माझे वर्ष संपत आले होते, पावसाने माझे अंग भिजून जड झाले होते. त्यांनी फौजेजवळच्या दोन्ही जड तोफा घळीत ढकलायला लावल्या. आधी जखमी, मग बायका, मग शिपाई, एकामागे एक, अंतर ठेवून, असा हुकूम दिला. आणि स्वतः कोल्पाच्या काठावर थांबले.

आपल्यामागे पूल उभा ठेवून कोणती फौज माघार घेते? हे मला ठाऊक होते, गावालाही ठाऊक होते. कोल्पाच्या लोकांनी मुले आणि लामांचे कळप पहाटेच पलीकडे पाठवले होते. मागे राहिली ती हलवता न येणारी म्हातारी माणसे आणि त्यांना सांभाळणारी. मेल्चोरा त्यांच्यातच होती. पूल गेला की ती शत्रूच्या बाजूला राहणार होती आणि तिचा बाप पलीकडे. नदीला उतार नाही, पोहून जाईल असा माणूस नाही. एकदा का दोन्ही काठांमधले सगळे तुटले, तर पाऊस संपल्यावरही नवा दोर पलीकडे कसा न्यायचा, हे कोणालाच माहीत नव्हते. कारण ते कधी करावेच लागले नव्हते. नवा मी नेहमी जुन्या माझ्यावरूनच पलीकडे गेलो होतो.

कासिमिरोबाबा काठी टेकत टेकत, उलट्या दिशेने, शिपायांना बाजूला सारत कोल्पाच्या काठावर आले. शिपाई वैतागले, म्हातारा मध्येच कडमडला म्हणाले. म्हाताऱ्याला ऐकू कमी येत होते, हे बरे झाले.

"लेफ्टनंट," बाबा म्हणाले, "तुम्ही पूल तोडणार ते मला माहीत आहे. आमची ना नाही. आम्ही दरवर्षी तोडतोच. पण नव्याची पहिली दोरी पलीकडे पोचल्याशिवाय आम्ही जुन्याला कोयता लावत नाही. दोरी असली तर ते बदलणं होतं. नसली तर मारणं होतं. एवढा नेम मोडू नका."

जनरलसाहेबांनी विचारले, दोरी किती वेळात होईल. बाबांनी सूर्याकडे बघितले आणि सांगितले की दोन्ही गावांच्या बायका बसल्या तर सूर्य त्या कड्याला टेकेपर्यंत.

मेजर सालदियास नावाचे एक अधिकारी शेजारी उभे होते. ते शूर होते, आणि सकाळपासून पोटात काही नव्हते. त्यांना हे सहन होईना. ते म्हणाले, "जनरलसाहेब, खिंडीत शत्रू आहे आणि आपण दोरी वळत बसायचं? दोन घाव घातले की काम झालं." जनरलसाहेबांनी एकदा खिंडीकडे पाहिले. ते चौथऱ्यावर हात ठेवून उभे होते. मग ते म्हणाले, की मेजर, बाकीची फौज घेऊन तुम्ही पुढच्या चढाला लागा, माझ्यापाशी फक्त पिछाडीची तुकडी ठेवा. उशीर झालाच तर तो माझ्या नावावर राहील.

अशी ती दुपार सुरू झाली. घराघरांतून पुलाच्या वाटणीचे राखलेले गवत बाहेर आले. ते पुरते वाळले नव्हते, तरी चालवून घेतले. आंतावाराच्या बायका तिकडे बसल्या, कोल्पाच्या इकडे, कारण नेमाप्रमाणे दोरी दोन्ही काठांच्या गवताची हवी. पिछाडीच्या तुकडीतला एक म्हातारा हवालदार आमच्याच डोंगरांतला होता. त्याने थोडा वेळ बघितले, मग बंदूक दगडाला टेकवली आणि खाली बसून गवत तळहातांत घेतले. त्याचे बघून दुसरा बसला, तिसरा बसला. निम्मी तुकडी खिंडीकडे नेम धरून आडवी पडली होती, निम्मी दोरी वळत होती. थोड्या वेळाने दोन्ही निम्म्यांनी जागा बदलल्या.

जनरलसाहेबही बसले. नकाशे काढणारी त्यांची बोटे, पण गवताला पीळ देणे त्यांना कधी आले नव्हते. मेल्चोराने त्यांच्या हातातला तुकडा उचलून उजेडात धरला.

"साहेब, ही दोरी अगदी तुमच्या फौजेसारखी झाली आहे," ती म्हणाली. "मध्येच जाड, मध्येच गायब."

आजूबाजूला बसलेले सगळे हसले. खिंडीकडे बंदुका रोखून पडलेलेही हसले. साहेबांनी तो तुकडा उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून वळायला घेतला. त्यांचा तो तुकडा, मित्रांनो, शेवटी दोरीत घेतला गेला. मला तो अजून आठवतो. जरा टोचायचा.

सूर्य कड्याकडे झुकला तेव्हा कोल्पाची दोरी पलीकडे नेऊन आंतावाराच्या दोरीला जोडली गेली. आता ती कुठे बांधायची हा प्रश्न आला. वर, नेहमीच्या जागी बांधली तर शत्रूला पहिल्या नजरेत दिसणार आणि तो कापून टाकणार. तेव्हा जनरलसाहेब गुडघ्यांवर बसले, चौथऱ्यावरून खाली वाकले, आणि त्यांना चिमणीच्या घरट्याची काडी बाहेर आलेली दिसली.

लेफ्टनंटची खिडकी.

त्यांनी दोरी घरट्याखालून हळूच आत ओवायला सांगितली. पलीकडच्या चौथऱ्यालाही तशीच. घळीची ती बाजू दिवसभर सावलीत असते आणि कडा गवताच्याच रंगाचा आहे. किती ताणायची तेही त्यांनी डोळ्यांनी मोजून सांगितले. फार ताणली तर वाऱ्यात वाजेल, फार सैल सोडली तर पूर ओढून नेईल. आयुष्यभराची त्यांची विद्या त्या एका दोरीच्या झोळात आली होती.

दोरीचे टोक पलीकडून इकडे आणायचे होते. ते काम मेल्चोराने अंगावर घेतले. ती आंतावाराला गेली, तिकडे परतलेल्या बापाच्या पाया पडली, दोरीचे टोक कमरेला बांधले आणि परत निघाली. त्याच वेळी पिछाडीची तुकडी एकेक करून पलीकडे जात होती. शेवटचे जनरलसाहेब. पुन्हा ते दोघे माझ्या मधोमध समोरासमोर आले, पण आता ती कोल्पाकडे चालली होती आणि ते आंतावाराकडे. ते म्हणाले, की सासूला पाठीवर घेऊन चल, माझे शिपाई मदत करतील. ती म्हणाली, की सासूबाईंना बसवले तरी श्वास लागतो, आणि दोरीजवळ या काठाला कोणीतरी आपले हवेच. ते बाजूला झाले. माझ्या काठाच्या दोराला घट्ट धरून त्यांनी तिला वाट दिली. जनरलने दोरी नेणाऱ्या बाईला वाट दिली, एवढेच ते होते. पण माझ्यावरून पुष्कळ मिरवणुका गेल्या आहेत, आणि एवढा मान मी कोणाला दिलेला पाहिला नाही.

दोरी ओवली गेली. पलीकडे कासिमिरोबाबांनी कोयता जनरलसाहेबांपुढे धरला. साहेबांनी हात मागे घेतला.

"मी पुष्कळ पूल तोडले, बाबा," ते म्हणाले. "हा मी तोडणार नाही. हा तुम्ही बदला."

मग बाबांनी कोकाची पाने ठेवली. चिचा नव्हती, म्हणून त्यांनी साधे पाणी सांडले. इकडे मेल्चोराने तिच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावली. आणि दोन्ही काठांवर एकदम कोयते पडले. मी तुटलो. जनरलसाहेब टोपी हातात घेऊन उभे होते हे मी पडता पडता पाहिले. नदीने मला कुशीत घेतले, आणि मी वर, सावलीत, बोटाएवढा जाड, दोन खिडक्यांमध्ये जागा होतो.

शत्रूचे शिपाई आले तेव्हा त्यांना दोन ओसाड चौथरे आणि खाली पूर दिसला. त्यांच्या अंमलदाराने मेल्चोराला विचारले, पूल कुठे आहे. ती चौथऱ्याशेजारी बटाटे वाळत घालत होती. तिने न थांबता सांगितले की पूल नदीत गेला, तो दरवर्षी जातो. आणि यात मित्रांनो, तसूभरही खोटे नव्हते. दुसरी वाट शोधायला त्यांनी माणसे धाडली आणि काठावर पहारा बसवला.

सर्वांत कठीण घटका दुसऱ्या सकाळी आली. खिडकीतली चिमणी उडाली आणि येऊन माझ्यावर, दोरीच्या मधोमध बसली. नदीवर, हवेत, जिथे बसायला काही नाही तिथे एक पाखरू बसलेले. पहाऱ्यावर एक तरुण शिपाई होता, खेड्यातला वाटावा असा. त्याने पाहिले. तो पुढे झाला, डोळे बारीक करून पाखराच्या डाव्या-उजव्या बाजूला नजर फिरवू लागला. मेल्चोराच्या हातातला बटाटा हातातच राहिला. ती पुटपुटत प्रार्थना म्हणू लागली. शिपायाने वळून तिच्याकडे पाहिले, मग क्रुसापुढच्या मेणबत्तीकडे पाहिले. मग त्याने एक खडा उचलून हलकेच पाखराकडे भिरकावला. पाखरू उडाले. तो खांद्यावरची बंदूक सारखी करून पाठ वळवून उभा राहिला आणि पहारा सुटेपर्यंत त्याने पुन्हा त्या बाजूला बघितले नाही.

त्याने दोरी पाहिली होती की नव्हती? मला माहीत नाही. पण मी त्याचेही उपकार मानतो. ज्याचे नाव माहीत नाही त्याच्यासाठी प्रार्थना करता येत नाही असे थोडेच आहे.

काही दिवसांनी शत्रू खालच्या खोऱ्याकडे निघून गेला. पाऊस उघडला. आंतावाराच्या माणसांनी त्या दोरीला जरा जाड दोरी बांधली, मेल्चोराने इकडून ओढली. जाड दोरीला दोर, दोराला दोरखंड. नव्या गवताचा मी पुन्हा घळीवर झुलू लागलो. बापलेकीची भेट माझ्या मधोमध झाली. कासिमिरोबाबा तिला म्हणाले की तू वाळलीस, आणि ती म्हणाली की तुम्हाला अजून दिसतं, हे बघून बरं वाटलं.

जनरलसाहेबांची फौज डोंगरापार सुखरूप पोचली. पण युद्ध संपल्यावर लिमात त्यांना विचारणा झाली, की शत्रू पाठीवर असताना तुम्ही अर्धा दिवस का दवडला. खेचरवाल्यांकडून ऐकले ते असे, की साहेबांनी उत्तर दिले, मी पूल बांधत होतो. अधिकाऱ्यांना ते पटले नाही. मेजर सालदियास, जे त्या दिवशी एवढे चिडले होते, ते एकटेच त्यांच्या बाजूने उभे राहिले म्हणे. साहेबांना मानाने घरी बसवण्यात आले. तलवार भिंतीवर गेली.

ते शेवटचे आले ते गावकऱ्यांसारख्या साध्या लोकरी पोंचोत, म्हाताऱ्या खेचरावर बसून. कासिमिरोबाबा गेले होते. मेल्चोरा आता पूलकरीण होती, तिच्या हाताखाली दोन्ही गावे राबत होती. नेमके माझ्या विणीचे दिवस होते. साहेबांनी खोगिराच्या पिशवीतून एक वेटोळे काढले आणि इतर घरांच्या दोऱ्यांच्या ढिगावर ठेवले. इचू गवताची दोरी होती, लिमातल्या अंगणात बसून स्वतः वळलेली.

"हे माझ्या घरचं," ते म्हणाले.

मेल्चोराने ती हातातून सरकवत सरकवत टोकापर्यंत पाहिली. कुठेच गायब नव्हती. तिने ती दोरी पहिल्या दोरात घालायला दिली.

वीण पुरी झाल्यावर पहिला मान त्यांना मिळाला. ते काठी न घेता निघाले. मधोमध येऊन थांबले आणि माझ्या काठाच्या दोरावर दोन्ही हात ठेवून खाली वाहत्या पाण्याकडे बघत राहिले. आंतावाराच्या काठावरून मेल्चोराने हाक मारली, की साहेब, पूल खाली बघण्यासाठी नसतो.

"आज थोडं बघू दे, मेल्चोरा," ते म्हणाले. "आयुष्यभर पलीकडेच बघत आलो."

त्यानंतर ते आहेत तोवर दरवर्षी खेचरवाल्याबरोबर त्यांच्या घरची दोरी येत राहिली. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने ती पाठवली, आणि आता तिची मुले पाठवतात. मेल्चोराच्या नाती त्या दोरीची वाट बघतात.

मित्रांनो, खालच्या वळणावर आता लोखंडी पूल झाला आहे. गाड्या तिकडून जातात, आणि ते चांगले आहे. साहेबांना तो बघून आनंद झाला असता. पण कधीकधी कोणी काठावर उभे राहून म्हणते, की हा गवताचा आता कशाला हवा, आणि कोणी म्हणते, की याला औषध लावून, काचेत घालून जपून ठेवू या. त्या दोघांना माझी एकच विनंती आहे. मला जपून ठेवू नका, मला नवे करा. तुमच्या घरी, तुमच्या गावात जे जुने होत असेल त्यालाही हेच करा. त्याला तोडायची वेळ आली तर खुशाल तोडा, पण आधी नव्याची एक दोरी पलीकडे जाऊ द्या. आणि ती वळायला कोणी अनाडी, उशिरा आलेला माणूस बसला, तर त्याचाही तुकडा त्यात घ्या.

यंदाचे गवत कापायला घेतले आहे. क्रुसापाशी दोन मेणबत्त्या लागल्या आहेत. लेफ्टनंटच्या खिडकीत चिमणीची पिल्ले चोच उघडून बसली आहेत.